आधी वर, मग समोर

आमच्या ह्यांना कारखान्यात सगळे प्रोफेसर म्हणतात. शिकवतात म्हणून नव्हे, कुणी न विचारता शिकवतात म्हणून. काडतुसांच्या कारखान्यात चाचणी विभागात त्यांची नोकरी. नव्या लॉटमधली काडतुसं काढायची, लोखंडी घोडीवर बसवलेल्या नळीतून एकेक झाडायची आणि गोळी किती वेगाने सुटली ते यंत्रावर बघायचं. दिवसभर दारूत हात आणि ओठाला थेंब नाही, हा त्यांचा एकुलता एक विनोद. लग्नानंतर पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी हसले होते. ते अजून मला महागात पडतंय.

मी होल्स्टर शिवते. म्हणजे पिस्तूल, रिव्हॉल्व्हर कमरेला अडकवायची ती कातडी खोळ. आमच्या वर्कशॉपमध्ये कातड्याचा आणि मेणाचा वास इतका मुरलाय की घरी आल्यावर साबणानेही जात नाही. कातडं भिजवायचं, लाकडाच्या रिव्हॉल्व्हरवर ताणून बसवायचं, वाळलं की त्याने आकार धरलेला असतो. मग आरीने भोकं पाडायची आणि मेण लावलेल्या दोऱ्याने शिवायचं. मूठ वर, नळीचं तोंड खाली. इतकी वर्षं शिवतेय, पण तोंड वर असलेलं होल्स्टर मी कधी शिवलेलं नाही. कोण मागणार? चुकून सुटलीच गोळी तर जमिनीत जावी, कुणाच्या पोटात नको, असा साधा हिशेब.

माझ्या धाकट्या भावाला सिक्युरिटी कंपनीत हत्यारी गार्डची नोकरी लागली तेव्हा त्याचं होल्स्टर मी माझ्या हाताने शिवलं. कंपनी देते ते पुठ्ठ्यासारखं असतं. माझ्या भावाला घरात बारक्या म्हणतात, आणि तो दारातून वाकून आत येतो. लहानपणी काडीपैलवान होता, नाव चिकटलं, अंग वाढलं. त्या रविवारी तो नवं होल्स्टर कमरेला लावून, बायको आणि मुलीला घेऊन आमच्याकडे आला. रिव्हॉल्व्हर अर्थात ड्यूटीवरच मिळायचं, पण हा पठ्ठ्या रिकामं होल्स्टर घालून आरशासमोर चारदा उभा राहिला. त्याची मुलगी चिमणी त्यात आपली बाहुली डोकं खाली करून ठेवत होती.

आमच्या ह्यांना आयता विद्यार्थी मिळाला.

"सांग बघू," हे म्हणाले, "गोळीची ताकद कशात असते?"

बारक्या चिमणीसाठी संत्रं सोलत होता. अख्खं साल न तुटता एका पट्टीत काढायचा तो, आणि मग ती पट्टी चिमणीच्या कानाला लटकवायचा. "गोळी मोठी असली की ताकद मोठी," तो म्हणाला.

"चूक."

"मग आवाजात."

"साफ चूक. आवाजात ताकद असती तर तुझ्या ताईला सीमेवर पाठवली असती."

सगळे हसले. मीही. तेव्हा हसायचे मी.

मग व्याख्यान सुरू झालं. हे संत्रं मी तुझ्या अंगावर टाकलं तर तू झेलशील, हेच वादळाने फेकलं तर नाक फोडेल. संत्रं तेच, वेग वेगळा. वजन दुप्पट केलं तर मार दुप्पट, पण वेग दुप्पट केला तर मार चौपट. म्हणून सगळी चाकरी वेगाची. आणि वेग कशाने येतो? दारू किती, ती किती भरभर जळते, नळी किती लांब, गोळी काडतुसात किती घट्ट बसवलीय, हवा गार आहे की गरम. "लोकांना वाटतं गोळी म्हणजे गोळी," हे म्हणाले. "अरे, गोळी हा नुसता प्रवासी आहे. गाडी आत आहे."

बारक्या मान डोलवत होता. बहिणीच्या नवऱ्यासमोर मान डोलवायची असते, म्हणून.

"आता माझं संशोधन," हे म्हणाले, आणि मी उठून चहा टाकायला गेले, कारण हे मला पाठ होतं. तरी ओट्यापाशी ऐकू येतच होतं. कारखान्याने दारू बदलली होती. नवी दारू जोरकस, थोडीच पुरायची, त्यामुळे काडतूस आतून अर्ध्याहून जास्त रिकामं राहायचं. आणि चाचणीत आकडे पिसाटले. एक गोळी सणसणीत, पुढची मरगळलेली, लॉट एकच. साहेब डोकं धरून बसले. तेव्हा आमच्या प्रोफेसरांनी शोध लावला. काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी असते. दारू मागे, टोपीपाशी पडलेली असेल तर झटकन पेटते. तीच पुढे सरकून गोळीपाशी जमली असेल तर ठिणगीला तिच्यापर्यंत पोचावं लागतं, आणि सगळा जोश तिथेच ओसरतो. उपाय सोपा. झाडण्याआधी प्रत्येक वेळी नळीचं तोंड वर करायचं, दारू मागे बसू द्यायची, मग अलगद समोर आणायचं. आकडे गुणी मुलांसारखे एका रांगेत. लॉट पास. साहेब खूश. कारखान्यातली पोरं त्या कृतीला "अस्मान दाखवणं" म्हणायला लागली, पद्धत कायमची नियमात गेली, आणि ह्यांना लाकडी पायावर ही पद्धत कोरलेली पितळी पाटी बसवलेलं सन्मानचिन्ह मिळालं. ते आमच्या टीव्हीशेजारी असतं. धूळ मी पुसते.

"आधी वर, मग समोर," हे उठून उभे राहून हाताने दाखवत होते. "बस. एवढंच. पण सुचायला डोकं लागतं."

बारक्याच्या कमरेला होल्स्टर होतं, त्यात बाहुली डोक्यावर उभी होती, आणि आम्ही सगळे संत्री खात होतो. त्या खोलीत सगळं होतं. नळीला आकाश दाखवणारा माणूस होता, तिचं तोंड जमिनीकडे करून शिवणारी बाई होती, आणि ती कमरेला लावून फिरणारा माणूस होता. कुणाच्याही डोक्यात काही आलं नाही.

बारक्याची ड्यूटी औषधांच्या गोदामावर लागली. तिथे भर दुपारी एक जण पहार घेऊन घुसला. फाटकावरच्या कारकुनाचं डोकं त्याने फोडलं आणि तो बारक्याच्या अंगावर आला. बारक्याने शिकवल्याप्रमाणे केलं. ओरडून थांबायला सांगितलं, रिव्हॉल्व्हर काढलं, सरळ समोर धरलं आणि चाप ओढला. आवाज झाला तो फुस्स. उशीवर थाप मारल्यासारखा. समोरचा थांबला नाही. बारक्याने पुन्हा चाप ओढला.

पहिली गोळी नळीतच अडकून बसली होती. दुसरी तिच्यावर जाऊन आदळली आणि रिव्हॉल्व्हर हातात फुटलं. उजव्या हाताचा अंगठा गेला, त्याच्या शेजारची दोन बोटं गेली. चोर पळून गेला, कारण त्याला वाटलं ह्या वेड्याने बॉम्ब फोडला. पुढे बरेच दिवस लोक मला सांगायचे, बघा, जीव वाचला ना. मला त्यांच्या तोंडावर दार आपटावंसं वाटायचं.

दवाखान्यात सगळ्यात आधी हे पोचले, कारण त्यांचा कारखाना जवळ. मी पोचले तेव्हा हे बारक्याच्या खाटेशी बसून रडत होते. खांदे गदगदत होते. मी लग्नानंतर त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, त्यांचे वडील गेले तेव्हासुद्धा नाही. मला आतून भरून आलं. वाटलं, बोलतात कसेही, पण माझ्या भावावर जीव आहे ह्या माणसाचा.

बारक्या घरी आला, जखम भरली, पण तो मिटला. विचारलं तेवढंच बोलायचा. चिमणी संत्रं घेऊन पुढ्यात उभी राहिली की तिला म्हणायचा, आईकडे दे. मी सकाळी कामावर जाताना वाटेत त्याच्याकडे डोकवायचे. बहुतेक वेळा तो आरशासमोर उभा असायचा. उजवा हात आधी वर छताकडे न्यायचा, क्षणभर थांबायचा, मग हळूच समोर आणायचा. पुन्हा खाली, पुन्हा वर, पुन्हा समोर. मला बघितलं की थांबायचा. डॉक्टरांनी दिलेला व्यायाम असणार, असं मी धरून चालले. म्हटलं, बरंय, निदान व्यायाम तरी नेमाने करतो.

सिक्युरिटी कंपनीने चौकशी लावली. काडतुसं ह्यांच्याच कारखान्याची, ह्यांनीच पास केलेल्या लॉटमधली. दोष काडतुसाचा की गार्डचा, एवढाच प्रश्न. दोष गार्डचा ठरला तर तो निष्काळजी ठरणार होता, आणि तसा शिक्का बसलेल्याला कुणी गेटवर शिट्टी वाजवायलाही उभा करत नाही. पण मला त्या शिक्क्यापेक्षा वेगळीच धास्ती होती. बारक्या स्वतःच म्हणायला लागला होता, "ताई, चूक माझीच असणार." का, ते विचारलं की गप्प. माझा भाऊ हात गमावून वर स्वतःला गुन्हेगार समजत होता, आणि ते मला बघवत नव्हतं.

मग एक दिवस वर्कशॉपमध्ये ओलं कातडं लाकडी रिव्हॉल्व्हरवर बसवत होते. ते जुनं लाकूड आतून किडलेलं होतं. मी त्याचं तोंड खाली करून ते खोळीत दाबलं, तसा आतला भुसा खळकन पुढे नळीच्या टोकाकडे गेला. मी कातडं बाजूला ठेवलं. पुन्हा वर केलं, पुन्हा खाली केलं. शेजारची बाई म्हणाली, "काय गं, खुळखुळा वाजवतेस का?"

घरी आले ती चपला न काढता स्वयंपाकघरात. मिठाची अर्धी बाटली घेतली आणि ह्यांच्यापुढे टेबलावर धरली.

"अहो, हे काडतूस समजा. बाटलीचं बूड म्हणजे टोपी, झाकण म्हणजे गोळी."

"हं."

मी बाटली झाकण खाली करून उभी धरली. मीठ सगळं झाकणाकडे गेलं. "हा माझा भाऊ. कमरेला होल्स्टर. सकाळपासून दुपारपर्यंत असाच उभा." मग बाटली उचलून सरळ आडवी केली. "आणि हे त्याने काढलं आणि समोर धरलं. आता सांगा, दारू कुठाय?"

मीठ झाकणाशी ढीग करून बसलं होतं. हे पांढरेफटक पडले. मला वाटलं, माझ्यासारखंच त्यांच्याही डोक्यात आत्ता लख्ख पडलं.

"तुम्ही प्रत्येक वेळी तोंड वर करून बघता," मी म्हटलं. "कमरेवर लटकवून कोण वर करतो हो? चोराला सांगणार का, थांब, आधी आकाश दाखवतो? ते पिसाटलेले आकडेच खरे होते. तुम्ही त्यांना शिस्त लावलीत."

"मी बघतो," हे म्हणाले. "त्या लॉटमधली उरलीत थोडी. तोंड खाली करून झाडून बघतो."

दुसऱ्या दिवशी घरी आले ते न जेवता बसून राहिले. मी विचारलं. म्हणाले, "काहींचा वेग निम्म्यावर आला. एक तर नळीतच राहिली."

मी देवासमोर बसावं तशी त्यांच्यासमोर बसले. "सांगाल ना चौकशीत?"

"सांगतो."

"नक्की?"

"अगं, सांगतो म्हटलं ना."

त्या रात्री मी त्यांच्या आवडीचं केलं. आज आठवलं की माझाच राग येतो मला.

चौकशी सिक्युरिटी कंपनीच्या कचेरीत होती. लांब टेबल, पलीकडे तीन साहेब, मधल्याच्या हातात पेन, जे तो सारखं उघडत आणि मिटत होता. बारक्याला पाण्याचा ग्लास एका हाताने सावरत नव्हता, म्हणून सोबत मला बसू दिलं. कारखान्याच्या वतीने आमचे हे. ते टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले होते. सकाळी त्यांच्या शर्टाला इस्त्री मीच केली होती.

आधी बारक्याला विचारलं. पहिला आवाज कसा झाला? दबका झाला. दबका आवाज आला तर काय करायचं शिकवलंय? थांबायचं, नळी तपासायची. थांबलात का? नाही. का नाही?

"समोरून पहार येत होती, साहेब," बारक्या म्हणाला.

मधल्या साहेबाने पेन मिटलं. "नियम काय आहे तेवढं विचारतोय."

मग ह्यांची पाळी.

"ह्या लॉटची चाचणी तुम्ही केलीत?"

"होय."

"नियमाप्रमाणे?"

"नियमाप्रमाणे."

"वेग मर्यादेत होता?"

"सगळे आकडे मर्यादेत होते."

"बरं," साहेब म्हणाले, आणि पेनचं टोपण पुन्हा लावलं.

मी वाट बघत होते. ह्यांनी घसा साफ केला, तेव्हा मला वाटलं, आता. त्यांनी ग्लास उचलला, पाणी प्यायले आणि ग्लास खाली ठेवला. ते माझ्याकडे बघत नव्हते. मला समजलं की एवढंच होतं.

मी उभी राहिले. "साहेब, नळी वर करून तपासलीयत ती काडतुसं. माझ्या भावाची खाली होती. सगळ्यांची खालीच असते, मी शिवते ना होल्स्टर, मला माहितेय. तोंड खाली असलं की दारू पुढे जाते आणि—"

"बाई, आपण कोण?"

"ह्याची बहीण."

"आणि," डावीकडच्या साहेबाने कागदावरचं माझं आडनाव बघून ह्यांच्याकडे मान वळवली, "ह्यांच्या कोण?"

"बायको."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मधल्याच्या ओठाचा कोपरा हलला. घरातलं भांडण कचेरीत आल्यावर पुरुष जसे गमतीने बघतात तसे ते बघत होते. मग त्याने अगदी सौजन्याने ह्यांना विचारलं, "तुम्हाला यावर काही म्हणायचंय?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. आता तर नुसतं हो म्हणायचं होतं. सगळं मीच बोलून झालं होतं.

"भाऊ आहे तिचा," हे म्हणाले. "साहजिक आहे."

माझ्या कानात गरम काही ओतल्यासारखं झालं. बारक्याने डाव्या हाताने माझ्या पदराला धरून ओढलं. "ताई, बस. बस ना. भावोजी सांगतायत ना."

निकाल काय लागला ते सांगायला नको. दबका आवाज दुर्लक्षिला, गार्ड निष्काळजी. काडतुसात दोष आढळला नाही.

घरी मी विचारलं, "का?" हे म्हणाले, "विचारलं तेवढंच सांगायचं असतं तिथे." मी म्हटलं, "विचारलं होतं. शेवटी विचारलं होतं." मग म्हणाले, पद्धत नियमात आहे, एकट्या माझी नाही, वरच्यांची सही आहे, सगळा लॉट परत बोलवावा लागेल, तुला कल्पना नाही. बोलता बोलता त्यांची नजर टीव्हीशेजारी गेली आणि परत आली. मला एकदम सगळं उमगलं. ह्या माणसाने आयुष्यात एकच गोष्ट स्वतःच्या डोक्याने केली होती, आणि तिने माझ्या भावाचा हात खाल्ला होता. हे कबूल केलं तर प्रोफेसर म्हणून त्यांच्यापाशी काय उरणार? नोकरीची भीती असती तर मी समजून घेतलं असतं. पितळी पाटीसाठी केलं, ते मला समजून घेता येत नाही.

मी बोलणं टाकलं. जेवण वाढायचे आणि उठून जायचे.

राहिला बारक्या. त्याला तरी खरं कळायलाच हवं होतं. जगाने निष्काळजी म्हटलं तर म्हणो, त्याने स्वतःला म्हणता कामा नये. पण नवऱ्याने दगा दिला हे भावाला सांगणं सोपं नसतं. जीभ उचलायला मला वेळ लागला. शेवटी एका सुट्टीच्या सकाळी गेलेच. तो आरशासमोर होता. हात वर, थांबला, समोर.

"झाला का व्यायाम?" मी म्हटलं.

तो ओशाळून खुर्चीत बसला. मी दार लोटलं, मिठाची बाटली पिशवीतून काढली आणि त्याला सगळं दाखवलं. तोंड खाली, मीठ खाली, आडवी केली, मीठ तिथेच. ह्यांनी मुद्दाम झाडून बघितलं होतं तेही सांगितलं. एक नळीत राहिली, तेही. "तुझी काही चूक नव्हती, बारक्या. तुझ्या जागी कुणीही असतं तरी हेच झालं असतं. काडतूसच तसं होतं, आणि तुझ्या भावोजींना ते माहीत असून ते बोलले नाहीत."

तो बाटलीकडे बघत राहिला. "त्यांनी झाडून कधी बघितलं?"

"मी त्यांना मीठ दाखवलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी. तोवर त्यांच्याही डोक्यात आलं नव्हतं."

"आलं होतं," बारक्या म्हणाला.

"काय?"

"ते दवाखान्यात आले ना पहिल्यांदा, तू यायच्या आधी. खाटेवर वाकले आणि एकच विचारलं. बाहेर काढल्यावर तोंड वर केलं होतंस का? मी म्हटलं, नाही, सरळ समोर धरलं. मग ते रडायलाच लागले."

मी बाटली खाली ठेवली.

"मला वाटलं," तो म्हणाला, "ते मला विचारतायत की शिकवलेलं केलंस का. त्या रविवारी त्यांनी सांगितलं होतं ना, आधी वर, मग समोर. उभं राहून दाखवलं होतं. मी नीट ऐकलंच नव्हतं गं. चिमणीसाठी संत्रं सोलत होतो. पडल्या पडल्या मला सगळं आठवलं. म्हटलं, घरच्या माणसाने जीव तोडून सांगितलं आणि आपण विसरलो. म्हणून तर ते रडले. विसरलो ते विसरलो, ताई, पण आता तरी जमतं का, म्हणून..." त्याने उरलेल्या दोन बोटांनी आरशाकडे खूण केली.

"तो व्यायाम नाही?"

"कसला व्यायाम?"

मी त्याच्यापुढे जमिनीवर बसले आणि रडले. आवाज आवरला नाही. आतून त्याची बायको धावत आली, चिमणी तिच्या मागून. बारक्या मला थोपटत होता, त्याच हाताने. मग खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, परत सांग."

"तुझी चूक नव्हती."

"विसरलो म्हणून नाही झालं?"

"तुला ते कुणी शिकवलंच नव्हतं. कुणालाच शिकवत नाहीत. ते काडतुसांच्या चाचणीतलं आहे, माणसांसाठी नाही ते."

त्याने डाव्या हाताने बाटली उचलली आणि झाकण खाली करून धरली. मग म्हणाला, "पण मग त्या लॉटची बाकीची? आमच्या सगळ्या गार्डांकडे तीच आहेत."

ह्याला म्हणतात निष्काळजी. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "माहितेय." खरं म्हणजे तोवर माझ्याही डोक्यात ते आलं नव्हतं. आपलं दुःख इतकं मोठं असतं की दुसऱ्याच्या कमरेला काय लटकलंय ते दिसत नाही.

घरी आले तेव्हा हे पेपर वाचत होते. मी समोर जाऊन उभी राहिले. काही न बोलता उजवा हात वर छताकडे नेला, क्षणभर थांबवला आणि हळूच खाली समोर आणला, त्यांच्या छातीच्या रेषेत.

"हे काय?" ते म्हणाले.

"तुमचा शोध," मी म्हटलं. "माझा भाऊ रोज सकाळी आरशासमोर करतो. दवाखान्यात तुम्ही विचारलंत तेव्हापासून. त्याला वाटतं, तुम्ही शिकवलं होतं आणि तो विसरला."

त्यांच्या हातातला पेपर खाली आला.  मी टीव्हीशेजारचं ते सन्मानचिन्ह उचललं, पिशवीत सगळ्यात खाली ठेवलं आणि वर माझे चार कपडे भरले. तीन साहेबांना बायकोचं ऐकू येत नाही, तर आता बाहेर जो कोणी ऐकेल त्याच्यापुढे हे ठेवून सांगेन, की ह्यावर कोरलेली पद्धत काय आहे आणि ती कुणाकुणाच्या कमरेला लटकलीय.

"अगं, ते कुठे नेतेस?" हे म्हणाले. माझ्याबद्दल त्यांनी विचारलं नाही. मी चपला घातल्या आणि बारक्याकडे निघाले.